पक्षातूनच आव्हान: अमेरिकेतल्या ज्येष्ठ सिनेटरला प्रायमरीत कसे हरवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रायमरीतले आव्हान म्हणजे नेमके काय? आपल्याकडच्या तिकीटवाटपासारखेच का?

नाही, आणि हा फरक कळला की पुढचे सगळे सोपे जाते. आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचे ते पक्षश्रेष्ठी ठरवतात. एबी फॉर्म ज्याच्या हातात पडला तो अधिकृत उमेदवार, बाकीच्यांनी बंडखोरी करायची नाहीतर गप्प बसायचे. अमेरिकेत एबी फॉर्म नावाची चीजच नाही. पक्षाचा उमेदवार कोण, हे त्या पक्षाचे मतदार निवडणूक यंत्रणेमार्फत होणाऱ्या मतदानात ठरवतात. त्या मतदानाला प्रायमरी म्हणतात. तीस वर्षे पदावर असलेल्या सिनेटरचे तिकीटसुद्धा त्यातून कापले जाऊ शकते, आणि पक्षाचे नेते त्याच्या पाठीशी उभे असतानाही ते कापले गेले आहे.

सिनेटमध्ये प्रत्येक राज्याचे दोन, असे एकूण १०० सदस्य असतात. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागांची निवडणूक. १९१३ च्या सतराव्या घटनादुरुस्तीपर्यंत सिनेटर राज्यांची विधिमंडळे निवडत असत, आपल्या राज्यसभेसारखे. आता थेट मतदान होते.

प्रायमरीकडे लक्ष द्यायचे ते अशासाठी, की बरीच राज्ये एकाच पक्षाच्या बाजूने इतकी झुकलेली आहेत की नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीचा निकाल आधीच ठरलेला असतो. अशा राज्यात सिनेटरला जाब विचारायची जागा एकच उरते: प्रायमरी. ती चुकवणाऱ्या मतदाराला पुढची संधी थेट सहा वर्षांनी मिळते.

विद्यमान सिनेटर प्रायमरीत खरोखर हरतात का?

फार क्वचित. या शतकातली २०२४ पर्यंतची नावे एका ओळीत मावतात. २००२ मध्ये न्यू हॅम्पशरचे बॉब स्मिथ, २००६ मध्ये कनेक्टिकटचे जो लिबरमन, २०१० मध्ये पेनसिल्व्हेनियाचे आर्लेन स्पेक्टर आणि अलास्काच्या लिसा मर्काउस्की, २०१२ मध्ये इंडियानाचे रिचर्ड लूगर. युटाचे बॉब बेनेट २०१० मध्ये प्रायमरीपर्यंत पोचलेच नाहीत, पक्षाच्या अधिवेशनातच बाद झाले. २०१७ मध्ये अलाबामात ल्यूथर स्ट्रेंज हरले, पण ते नेमलेले होते, निवडून आलेले नव्हते. २०१२ नंतर २०२४ पर्यंत निवडून आलेला एकही सिनेटर पक्षांतर्गत लढतीत हरला नाही.

एवढ्या कमी घटनांमुळे ‘विद्यमानाला हात लावता येत नाही’ असा समज झाला आहे. तो बरोबर नाही. हरलेल्यांच्या बाबतीत काय घडले ते जवळून पाहिले, तर त्याच त्या तीन-चार गोष्टी पुन्हा दिसतात. मतदानाच्या दिवसाच्या वर्ष-दीड वर्ष आधीच त्या घडायला लागलेल्या असतात.

लूगर यांचेच उदाहरण नेहमी का दिले जाते?

कारण त्यात सगळे आहे. लूगर आधी इंडियानापोलिसचे महापौर होते. १९७६ मध्ये सिनेटवर निवडून आले आणि ३६ वर्षे राहिले. परराष्ट्र व्यवहार समितीचे अध्यक्षपद त्यांनी भूषवले. सोव्हिएत संघ कोसळताना तिथली अण्वस्त्रे निकामी करण्याचा १९९१ चा कार्यक्रम त्यांच्या आणि सिनेटर सॅम नन यांच्या नावाने ओळखला जातो. २००६ मध्ये तर डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांच्यासमोर उमेदवारही दिला नव्हता. अशा माणसाला ८ मे २०१२ रोजी राज्याचे खजिनदार रिचर्ड मर्डॉक यांनी साधारण ६० विरुद्ध ४० टक्क्यांनी हरवले.

कारणांची यादी करताना लोक आधी मतांकडे बोट दाखवतात. ओबामांनी सर्वोच्च न्यायालयावर नेमलेल्या सोनिया सोटोमायोर आणि एलेना केगन यांना लूगर यांनी पाठिंबा दिला होता, २०१० च्या शेवटी रशियाबरोबरच्या अण्वस्त्र कराराच्या बाजूने ते उभे राहिले होते. रिपब्लिकन प्रायमरीत हे मुद्दे चाललेच. पण ही मते त्यांनी चोरून दिली नव्हती. त्यांच्यासाठी जास्त घातक ठरला तो पत्ता.

सिनेटवर गेल्यावर लूगर यांनी १९७७ मध्ये इंडियानापोलिसमधले घर विकले आणि ते वॉशिंग्टनजवळ व्हर्जिनियात राहू लागले. मतदार यादीत मात्र तोच जुना पत्ता राहिला. पस्तीस वर्षे ते विकलेल्या घराच्या पत्त्यावर मतदार होते! मार्च २०१२ मध्ये, प्रायमरीला दोन महिने उरले असताना, मॅरियन काउंटीच्या (काउंटी म्हणजे राज्याचा प्रशासकीय विभाग) निवडणूक मंडळाने २ विरुद्ध १ मतांनी ठरवले की त्या पत्त्यावर त्यांना मतदान करता येणार नाही. मग कुटुंबाच्या शेतीचा पत्ता लावून नोंदणी करावी लागली. उमेदवारीला यामुळे कायद्याने बाधा आली नाही, कारण राज्यघटनेनुसार सिनेटर निवडून येताना त्या राज्याचा रहिवासी असला की पुरे आणि तो वाद त्यांच्या बाजूने सुटला. पण ‘हा माणूस आता आपल्यात राहत नाही’ हे सांगायला विरोधकाला भाषण करायची गरजच उरली नाही. बातमीनेच ते सांगितले.

दुसरी गोष्ट काउंटी अध्यक्षांची. इंडियानात ९२ काउंट्या आहेत. मर्डॉक यांनी फेब्रुवारी २०११ मध्ये, म्हणजे मतदानाच्या सव्वा वर्ष आधी, उमेदवारी जाहीर केली तेव्हाच निम्म्याहून अधिक काउंट्यांचे रिपब्लिकन अध्यक्ष त्यांच्या बाजूला आले होते. हे अध्यक्ष म्हणजे आपल्याकडचे तालुकाध्यक्ष समजा. कार्यकर्त्यांच्या याद्या, मेळाव्यांचे व्यासपीठ, मतदानाच्या दिवशी बूथवर बसणारी माणसे, सगळे त्यांच्या हातात. ते दुरावले म्हणजे पायाखालची वाळू सरकली असे समजावे, आणि ती सरकल्याचे वॉशिंग्टनमध्ये बसून दिसत नाही.

आव्हान देणाऱ्याने सुरुवात कधी करावी?

मतदानाच्या पंधरा ते अठरा महिने आधी. पहिले काम जाहिराती नव्हेत, गणिताचे आहे. राज्याच्या मागच्या तीन-चार प्रायमरींत किती मतदान झाले ते काउंटीवार काढा. इंडियानाची लोकसंख्या साधारण ६५ लाख, पण २०१२ च्या त्या रिपब्लिकन प्रायमरीत एकूण मते पडली सुमारे ६ लाख ६० हजार. म्हणजे साडेतीन लाखांच्या आत जिंकण्यापुरती मते होतात. ही मते देणारी माणसे मतदार नोंदींत नावानिशी सापडतात: कोण कोणत्या निवडणुकीला आले, हे तिथे नोंदलेले असते (कोणाला मत दिले हे अर्थातच नसते). मागच्या चारपैकी तीन प्रायमरींत मतदान केलेल्यांची यादी हाच प्रचाराचा पाया. त्यांच्या दारात तीनदा जाणे हे सगळ्या राज्याला एकदा टीव्हीवर दिसण्यापेक्षा जास्त कामाचे.

मतपत्रिकेवर नाव आणायला काय लागते?

प्रत्येक राज्याचा नियम वेगळा, आणि चांगले चांगले उमेदवार इथेच गारद होतात. टेक्सासमध्ये सिनेटसाठी ५,००० डॉलर शुल्क भरा किंवा ५,००० सह्या आणा. पेनसिल्व्हेनियात २,००० सह्या, पण त्या फक्त आपल्याच पक्षात नोंदलेल्या मतदारांच्या आणि साधारण तीन आठवड्यांच्या मुदतीत. इंडियानात संसदेच्या खालच्या सभागृहाच्या प्रत्येक मतदारसंघातून ५००, म्हणजे नऊ मतदारसंघ मिळून ४,५००. एका मतदारसंघात ४९० भरल्या आणि दुसऱ्यात २,००० असल्या तरी उपयोग नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये १०,००० लागतात. २०२० मध्ये कोविडमुळे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा आकडा निम्मा केला होता. मिशिगनमध्ये १५,०००.

सही बाद होते ती अशा कारणांनी:

- सही करणारा नोंदलेला मतदार नाही, किंवा नोंद दुसऱ्या पत्त्यावर आहे.
- त्याने दोन उमेदवारांच्या किंवा एकाच उमेदवाराच्या दोन कागदांवर सही केली.
- तारीख नाही, किंवा खाडाखोड आहे.
- सह्या गोळा करणाऱ्याने खालचे प्रमाणपत्र भरले नाही, किंवा शेवटची सही होण्याआधीच स्वतःची सही करून ठेवली. अशाने अख्खा कागद बाद होऊ शकतो.
- सह्या बनावट आहेत.

शेवटचे कारण थोडे विस्ताराने सांगायला हवे. २०२२ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदाच्या रिपब्लिकन प्रायमरीतून एकदम पाच उमेदवार बाद झाले, कारण पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्यांनी हजारो सह्या स्वतःच ठोकल्या होत्या. त्यात आघाडीवर समजले जाणारे उमेदवारही होते. एकाच हस्ताक्षरातली ओळीने वीस नावे, मृतांची नावे, एकही सुरकुती नसलेले कोरे करकरीत कागद, अशा खुणा छाननीत दिसल्या. दारोदार फिरलेला कागद कधीच कोरा करकरीत राहत नाही. म्हणून सह्या पैसे देऊन गोळा करत असाल तर दर आठवड्याला आलेला गठ्ठा मतदार यादीशी ताडून पाहा, आणि लागणाऱ्या आकड्याच्या किमान दीडपट भरा.

याच राज्यातले एक उदाहरण मराठी वाचकांच्या ओळखीचे निघेल, जरी ते सिनेटचे नसून खालच्या सभागृहाचे आहे. डेट्रॉइटचे खासदार श्री ठाणेदार मूळचे आपल्या बेळगावचे. २०२४ मध्ये पक्षातूनच त्यांना आव्हान देणारे अॅडम हॉलियर यांच्या सह्यांना ठाणेदारांच्या बाजूने हरकत घेतली गेली. लागणाऱ्या १,००० वैध सह्या भरल्या नाहीत आणि हॉलियर मतपत्रिकेबाहेर गेले. विद्यमान सदस्याचा पहिला वार असा कागदावर होतो. तो धरूनच तयारी करा.

काही राज्यांत पक्षाच्या अधिवेशनातून जावे लागते म्हणतात, ते काय?

युटाची गोष्ट पाहा. २०१० मध्ये तिथे प्रायमरीत जाण्याचा रस्ता पक्षाच्या अधिवेशनातूनच जायचा. साधारण ३,५०० प्रतिनिधी, आणि तेही वस्ती पातळीवरच्या बैठकांत निवडलेले. तीन मुदती पूर्ण केलेले बॉब बेनेट ८ मे २०१० च्या अधिवेशनात दुसऱ्या फेरीत तिसरे आले आणि तिथेच संपले. २००८ च्या बँक बचाव पॅकेजला त्यांनी दिलेले मत प्रतिनिधींना खटकत होते. राज्यभर मतदान झाले असते तर ते कदाचित तरलेही असते, पण मतदान राज्यभर नव्हते, एका सभागृहात होते.

त्यांचे सहकारी ऑरिन हॅच १९७७ पासून सिनेटमध्ये होते. पुढची पाळी आपली, हे त्यांनी ओळखले आणि २०१२ च्या मार्चमधल्या वस्ती बैठकांसाठी आधीपासून माणसे उभी केली, म्हणजे प्रतिनिधीच आपले निवडून यावेत. अधिवेशनात त्यांना ५९ टक्के मिळाले. ६० मिळाले असते तर प्रायमरीच टळली असती. ती झाली, आणि त्यांनी डॅन लिलिनक्विस्ट यांना दोन तृतीयांश मते घेऊन हरवले. पुढे २०१४ च्या कायद्याने युटात सह्यांचा पर्यायी रस्ता खुला झाला. राज्यव्यापी पदासाठी २८,००० सह्या लागतात.

कनेक्टिकटमध्ये अधिवेशनात १५ टक्के प्रतिनिधी मिळाले की प्रायमरीचा हक्क मिळतो. २००६ मध्ये लिबरमन यांना आव्हान देणारे नेड लमॉन्ट यांनी एक तृतीयांश मिळवले तेव्हाच लिबरमन अडचणीत असल्याचे उघड झाले.

पैसा किती लागतो आणि नियम काय आहेत?

राज्यानुसार आकडा बदलतो, नियम मात्र सगळीकडे एकच, कारण सिनेटची निवडणूक संघराज्याच्या कायद्याखाली येते. ५,००० डॉलरहून जास्त जमवले किंवा खर्च केले की तुम्ही कायद्याने उमेदवार झालात. त्यानंतर १५ दिवसांत संघीय निवडणूक आयोगाकडे उमेदवारीचे निवेदन आणि त्यानंतर १० दिवसांत समितीची नोंदणी. खजिनदार नेमल्याशिवाय एक डॉलरही घेता येत नाही.

२०२५-२६ साठी एका व्यक्तीची मर्यादा प्रत्येक निवडणुकीला ३,५०० डॉलर. प्रायमरी आणि नोव्हेंबर या दोन वेगळ्या निवडणुका धरतात, म्हणून एक देणगीदार एकूण ७,००० देऊ शकतो. इथे नवख्यांचा घोळ होतो. नोव्हेंबरसाठीचे ३,५०० प्रायमरीत वापरता येत नाहीत. प्रायमरी हरलात तर ते ६० दिवसांत परत करावे लागतात. तिमाही अहवालात शिल्लक मोठी दिसते, पण त्यातला किती भाग आज खर्च करता येईल हे वेगळे पाहावे लागते. खजिनदाराने पहिल्या दिवसापासून दोन वेगळे हिशेब ठेवले नाहीत, तर शेवटच्या पंधरवड्यात जाहिरातीचे बिल भागवताना नोव्हेंबरच्या पैशाला हात लागतो आणि प्रकरण आयोगापुढे जाते.

स्वतःच्या खिशातून कितीही खर्च करता येतो. लमॉन्ट यांनी बराच केला होता. मतदानाआधीच्या शेवटच्या वीस दिवसांत आलेली १,००० डॉलर किंवा त्याहून मोठी देणगी ४८ तासांत कळवावी लागते. आव्हान देणाऱ्यांनी विद्यमान सिनेटरच्या या सूचना रोज वाचाव्यात. कोणत्या उद्योगातून ऐनवेळी पैसा येतो आहे, ते त्यात दिसते.

बाहेरचे गट आपल्या बाजूने जाहिरात करत असतील तर उमेदवाराने पैसा वाचवावा का?

नाही. दोन कारणे. एक, स्वतंत्र खर्च करणाऱ्या समित्यांशी जाहिरातीबद्दल ठरवाठरवी करायला कायद्याने मनाई आहे, त्यामुळे त्या काय बोलतील यावर तुमचा ताबा नसतो. दुसरे, प्रायमरीआधीच्या ४५ दिवसांत टीव्ही आणि रेडिओ केंद्रांना उमेदवाराला सर्वांत कमी दर लावावा लागतो. बाहेरच्या गटांना ही सवलत नाही. तेवढ्याच वेळासाठी ते कित्येकदा दुपटीहून जास्त मोजतात. म्हणून उमेदवाराच्या खात्यातला डॉलर जाहिरातीत जास्त लांब जातो, आणि ४५ दिवसांची खिडकी उघडेल तेव्हा तो खात्यात असायला हवा.

मतदान कोण करू शकते? दुसऱ्या पक्षाचे लोक येऊन निकाल फिरवतात का?

राज्यावर अवलंबून आहे. पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क, फ्लोरिडा, कनेक्टिकट इथे प्रायमरी बंदिस्त: पक्षात नोंद असेल तरच मत. न्यूयॉर्कमध्ये पक्ष बदलायची मुदत प्रायमरीच्या काही महिने आधी संपते, त्यामुळे ऐनवेळी उत्साह आलेले मतदार दारातून परत जातात. इंडियाना, टेक्सास, जॉर्जिया, मिसिसिपी इथे खुली: मतदान केंद्रावर ज्या पक्षाची मतपत्रिका मागाल ती मिळते, एकच. मॅसॅच्युसेट्समध्ये पक्षात नोंद नसलेल्यांना कोणतीही एक निवडता येते. कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टनमध्ये सगळे पक्ष एकाच मतपत्रिकेवर आणि पहिले दोन पुढे. अलास्कात २०२२ पासून पहिले चार.

दुसऱ्या पक्षाचे लोक निकाल फिरवू शकतात का, याचे सर्वांत ठळक उत्तर मिसिसिपीत मिळाले.

मिसिसिपीत २०१४ मध्ये काय झाले?

थॅड कॉक्रन १९७८ पासून सिनेटर होते. ३ जून २०१४ च्या प्रायमरीत राज्य सिनेटर ख्रिस मॅकडॅनियल त्यांच्यापुढे गेले, साधारण १,४०० मतांनी. पण मॅकडॅनियल ४९.५ टक्क्यांवर अडकले. तिसऱ्या, कोणी फारशी दखल न घेतलेल्या उमेदवाराने दीड टक्का घेतला होता. मिसिसिपीत उमेदवारीसाठी ५० टक्क्यांहून जास्त लागतात, म्हणून २४ जूनला पहिल्या दोघांत फेरमतदान ठरले, ज्याला तिथे रनऑफ म्हणतात.

जवळजवळ सगळ्यांचा होरा होता की कॉक्रन संपले. रनऑफला मतदान घटते, आणि जे येतात ते कडवे समर्थक असतात, हा अनुभव. कॉक्रन यांच्या बाजूने उलटे केले: मतदार वाढवले. मिसिसिपीत पक्षनिहाय नोंदणीच नाही. ३ जूनला डेमोक्रॅटिक प्रायमरीत मत दिलेल्यांना रिपब्लिकन रनऑफला येता येत नव्हते, पण त्या दिवशी घरी बसलेल्यांना येता येत होते. कॉक्रन यांच्या लोकांनी कृष्णवर्णीय वस्त्यांत जाऊन त्यांना बोलावले. राज्यात आणलेला निधी, विद्यापीठे, शेती हे त्यांचे सांगणे होते. एकूण मतदान सुमारे ३ लाख १९ हजारांवरून ३ लाख ८२ हजारांवर गेले आणि कॉक्रन ७,६६७ मतांनी जिंकले.

मॅकडॅनियल यांच्या समर्थकांना हा अन्याय वाटला. आमच्या मते नियमांत बसवून मतदार वाढवणे हा अन्याय नव्हे. त्यांची खरी चूक तीन आठवड्यांतली होती: पहिल्या फेरीत न आलेल्या स्वतःच्या बाजूच्या लोकांच्या याद्या त्यांनी तेवढ्याच जोराने हलवल्या नाहीत.

रनऑफची शक्यता असलेल्या राज्यात पैशाचा आणि कार्यकर्त्यांचा एक हिस्सा आधीच बाजूला काढून ठेवा. उत्तर कॅरोलिनात मर्यादा ५० नव्हे तर ३० टक्के आहे, तिथे गणित वेगळे. आणि तिसऱ्या उमेदवाराला क्षुल्लक समजू नका, तो दीड टक्क्यात निकाल बदलतो.

निकाल मान्य नसेल तर?

मुदत पाळा. मॅकडॅनियल यांनी पक्षाच्या कार्यकारिणीकडे तक्रार दिली ती ४ ऑगस्टला, रनऑफनंतर ४१ दिवसांनी. न्यायालयाने ती उशिरा दिली म्हणून फेटाळली, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबरमध्ये ते कायम केले. पुराव्याच्या खरेखोटेपणापर्यंत प्रकरण गेलेच नाही. राज्याच्या मुदती मतदानाच्या आधीच वकिलाकडून लिहून घ्याव्यात.

विद्यमान सिनेटर स्वतःला वाचवतो कसा?

वेळेवर घाबरून, आणि हे कौतुकाने लिहितो आहोत. हॅच यांचे वर आलेच. दुसरे मॅसॅच्युसेट्सचे एड मार्की. २०२० मध्ये जो केनेडी तिसरे त्यांच्याविरुद्ध उतरले तेव्हा सुरुवातीच्या चाचण्यांत केनेडी पुढे होते, आणि त्या राज्यात केनेडी आडनाव काय वजनाचे आहे ते सांगायला नको. मार्की ७४ वर्षांचे, १९७६ पासून संसदेत. पण पर्यावरणाच्या ठरावावर त्यांनी तरुण खासदार अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ यांच्याबरोबर काम केले होते आणि ते तरुणांना ठाऊक होते. मार्कींचा जुन्या नायके बुटांतला फोटो त्या तरुणांनी घरोघरच्या पडद्यावर नेला. १ सप्टेंबर २०२० ला मार्की ५५ विरुद्ध ४५ ने जिंकले. मॅसॅच्युसेट्समध्ये केनेडी घराण्यातला उमेदवार हरण्याची ही पहिली वेळ. केनेडी यांना एका साध्या प्रश्नाचे पटेल असे उत्तर देता आले नाही: मार्की नकोत, ते का? आव्हान देणाऱ्याने ते उत्तर दोन वाक्यांत पाठ ठेवावे.

पक्ष बदलून वाचायचा मार्ग मात्र धोक्याचा. आर्लेन स्पेक्टर २००४ च्या रिपब्लिकन प्रायमरीत पॅट टूमी यांच्यापुढे ५१-४९ ने जेमतेम वाचले होते. एप्रिल २००९ मध्ये ते डेमोक्रॅटिक पक्षात गेले. ओबामांचा पाठिंबा मिळाला. तरी १८ मे २०१० ला जो सेस्टॅक यांच्याकडून हरले. पक्ष बदलल्याने आपण पुन्हा निवडून येऊ शकू, असे स्पेक्टर कॅमेऱ्यासमोर बोलून गेले होते. सेस्टॅक यांनी तेच दृश्य जाहिरातीत लावले.

प्रायमरी हरल्यावर अपक्ष उभे राहता येते का?

बहुतेक राज्यांत नाही. हरलेल्याने त्याच निवडणुकीत दुसऱ्या वाटेने मतपत्रिकेवर येऊ नये असे कायदे किंवा मुदती आहेत. लूगर यांना इंडियानात तो रस्ता बंदच होता. कनेक्टिकटमध्ये तो उघडा होता. ८ ऑगस्ट २००६ ला लिबरमन साधारण १०,००० मतांनी हरले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी नव्या पक्षासाठी सह्या दाखल केल्या. साडेसात हजार सह्या आदल्या रात्रीत जमत नाहीत, त्या आधीपासून जमवल्या होत्या. नोव्हेंबरमध्ये रिपब्लिकन मतदारांच्या बळावर ते जवळपास ५० टक्के घेऊन जिंकले.

लिसा मर्काउस्की यांचे प्रकरण याहून अवघड. २४ ऑगस्ट २०१० ला जो मिलर यांच्याकडून त्या सुमारे २,००० मतांनी हरल्या. अपक्ष नोंदणीची मुदत संपलेली. उरला एकच मार्ग: मतदाराने मतपत्रिकेवरचा रिकामा गोल काळा करायचा आणि शेजारच्या ओळीवर त्यांचे नाव हाताने लिहायचे. आडनाव असे की अमेरिकन माणूसही स्पेलिंगला अडखळतो. म्हणून त्यांच्या प्रचाराने नाव छापलेले रबरी कडे वाटले, जाहिरातींत एकेक अक्षर शिकवले. एक लाखाहून जास्त लोकांनी नाव लिहिले. जुनो शहरात मोजणी करताना दोन्ही बाजूंचे निरीक्षक एकेक मतपत्रिका पाहत होते, आणि चुकलेल्या स्पेलिंगच्या सुमारे ८,००० मतांना मिलर यांच्या बाजूने हरकत घेतली. न्यायालयांनी मतदाराचा हेतू स्पष्ट असेल तर मत धरावे असे ठरवले. पण ती सगळी वगळली असती तरी मर्काउस्की सुमारे २,००० मतांनी पुढेच होत्या. अशा रीतीने सिनेटवर निवडून येणे १९५४ मधल्या स्ट्रॉम थरमंड यांच्यानंतर पहिल्यांदाच घडले.

आव्हान देणारा प्रायमरी जिंकला, मग नोव्हेंबरचे काय?

तिथे बरेच जण पडतात. मर्डॉक यांनी २३ ऑक्टोबर २०१२ च्या चर्चेत बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल केलेले विधान देशभर गाजले आणि डेमोक्रॅट जो डॉनेली यांनी ५० विरुद्ध ४४ ने जागा घेतली. सेस्टॅक टूमींकडून हरले. लमॉन्ट आणि मिलर हरलेल्या सिनेटरकडूनच हरले. उलट युटात बेनेट यांच्या जागी आलेले माइक ली सहज निवडून आले. प्रायमरीच्या आदल्या आठवड्यात जोशात दिलेले आश्वासन नोव्हेंबरमध्ये चित्रफीत होऊन समोर येते, त्यामुळे प्रत्येक वाक्य दोन्ही मतदारांना ऐकवता येईल असेच बोलावे.

आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत. देणगी देता येईल का? प्रचारात मदत?

देणगी नाही, एक डॉलरही नाही, कोणत्याही पातळीवरच्या निवडणुकीत. ग्रीन कार्ड असेल तर देता येते. विनामोबदला स्वयंसेवक म्हणून फोन करणे, पत्रके वाटणे चालते, पण प्रचाराचा पैसा कुठे खर्चायचा अशा निर्णयांत भाग घेता येत नाही. मत फक्त नागरिकाला. चुकून केलेले मतदानसुद्धा पुढे इमिग्रेशनमध्ये महागात पडते, त्यामुळे लायसन्स काढताना मतदार नोंदणीच्या चौकटीत खूण करू नका.

व्यवसाय असणाऱ्यांनी कंपनीच्या कार्डावरून देणगी देऊ नये. कॉर्पोरेशनचा पैसा उमेदवाराला चालत नाही. भावाच्या किंवा मित्राच्या नावाने देऊन नंतर त्याला पैसे परत करणे हा गुन्हा आहे. एकूण देणगी २०० डॉलरच्या वर गेली की नाव, पत्ता, व्यवसाय आणि नोकरी देणाऱ्याचे नाव सार्वजनिक नोंदीत येते.

अमेरिकन नागरिक आहे, पण सध्या पुण्यात राहतो. प्रायमरीत मत देता येईल?

येईल, अमेरिकेत शेवटचे जिथे राहत होता त्या पत्त्यावरून. परदेशातल्या मतदारांसाठीचा पोस्टकार्ड अर्ज दरवर्षी जानेवारीत नव्याने भरा, आणि जिथे विचारले जाते तिथे पक्षाची चौकट रिकामी सोडू नका, नाहीतर बंदिस्त राज्यात तुम्हाला प्रायमरीची मतपत्रिकाच येणार नाही. संघीय निवडणुकीच्या ४५ दिवस आधी ती पाठवणे राज्यांना बंधनकारक आहे. ईमेलने मागवा, टपालाच्या भरवशावर राहू नका. मिसिसिपी, जॉर्जिया, अलाबामा अशा रनऑफ असलेल्या राज्यांत परदेशी मतदाराला सोबत पसंतीक्रमाची मतपत्रिकाही मिळते. त्यावर उमेदवारांना १, २, ३ असे क्रमांक द्यायचे असतात. ती भरून त्याच पाकिटात परत पाठवा, कारण तीन-चार आठवड्यांत दुसरी मतपत्रिका पुण्यात येऊन परत पोचणे शक्य नसते.